पुसट शिवराई, कडी लावलेला रुपया: चिंच लावण्याआधी हे वाचा

प्रश्न : आजी गेल्यानंतर माळ्यावर तिचा पितळी डबा सापडला. त्यात साठ-पासष्ट तांब्याची नाणी आहेत. बहुतेक शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) असाव्यात, पण चार-पाच सोडल्या तर अक्षर लागत नाही. शिवाय राणीछाप रुपये तीन. एकाला वर कडी सांधल्याचा डाख आहे, दुसऱ्याला भोक पाडलंय आणि तिसऱ्यावर राणीचा नुसता आकार उरलाय. फारसी अक्षरांचा आणखी एक रुपया आहे, त्यावर कुणीतरी बारीक ठोके मारलेत. दुकानदार म्हणाला, "ही सगळी मोड आहे, तांब्या-चांदीच्या भावाने घेतो." आत्या म्हणते, चिंच-मीठ लावून लख्ख कर, मग किंमत येईल. अशी खराब नाणी खरंच कुणी जमवतं का? यातली थोडी अमेरिकेतल्या भावाला पाठवायचीही आहेत.
— एक वाचक, कराड

उत्तर : चिंच अजून लावली नसेल तर लावू नका, आणि डबा मोडीतही देऊ नका. जमवतात का, तर हो, जमवतात. पण "खराब नाणं" असं एकच गाठोडं नसतं. वापरून झिजलेलं नाणं, मुद्दाम काहीतरी केलेलं नाणं आणि निव्वळ नासलेलं नाणं अशा तीन वेगळ्या गोष्टी तुमच्या डब्यात एकत्र पडल्या आहेत. संग्राहक पहिल्या दोन्हींना मान देतात, तिसरीला नाही. चिंच लावली की पहिल्या दोन प्रकारांतलं नाणं तिसऱ्यात जमा होतं.

आधी चिंचेचंच घेऊ. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा तपकिरी-काळा थर विरघळवतं. नाणं चांगलं असेल तर नुकसान रंगापुरतं राहतं. तुमच्या शिवरायांवर मात्र अक्षरांचा उठाव जवळजवळ संपलेला आहे. जे थोडंफार वाचता येतं, ते उठावामुळे कमी आणि रंगामुळे जास्त. अक्षराभोवतीच्या खोलगट भागात जुना काळा थर साचलेला असतो आणि वरचा भाग घासून थोडा उजळ असतो. हा फरक गेला की ‘श्री’ची वेलांटीही गेली. नाणं गुलाबी, चकचकीत आणि कोरं दिसू लागतं आणि काही महिन्यांत डागाळून पुन्हा काळवंडतं. ते अक्षर मात्र परत येत नाही. भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, लिंबू-मीठ, खाण्याचा सोडा, सोनाराकडचं पॉलिश या सगळ्यांची गत तीच. पुसट तारीख आम्ल लावून उठवायचा उद्योगही काही जण करतात. आकडा दिसतो खरा, पण पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो आणि नाणं जाणकाराच्या हातात टिकत नाही.

आता वाचायचं कसं ते. खोलीत अंधार करा. एकच दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या जवळजवळ पातळीवर, १०-१५ अंशांच्या तिरक्या कोनात धरा आणि दिवा न हलवता नाणं हळूहळू पूर्ण वाटोळं फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात जे सपाट दिसतं, त्याची सावली अशा उजेडात उमटते. एखादी रेघ एकाच कोनात दिसते आणि दुसऱ्या कोनात गडप होते, म्हणून दर थोड्या फिरवणीला एक असे आठ-दहा फोटो काढा आणि ते कृष्णधवल करून बघा. १० पटींचं भिंग पुरतं. त्याहून मोठ्या भिंगात झिजलेल्या नाण्याचे ओरखडेच तेवढे मोठे दिसतात. कागद ठेवून पेन्सिलीने घासायची जुनी पद्धत इथे टाळा. दाबाने कागद घसरतो आणि उरलासुरला कण निघतो.

शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ असतं, भोवती बिंदूंचं वर्तुळ. पण ही सगळी अक्षरं एका नाण्यावर मिळतीलच अशी अपेक्षा धरू नका. शिवराई हातोड्याने पाडलेली आहे. ठसा बहुतेक वेळा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा आणि चकती नेमकी मध्यभागी बसायचीच असं नाही. त्यामुळे ‘राजा’ पूर्ण आणि ‘शिव’ अर्धा चकतीबाहेर, हे टांकसाळीतून निघतानाच झालेलं असतं. त्याला झीज म्हणायचं नाही. ओळखायची खूण अशी: अक्षर कडेला जाऊन एकदम तुटत असेल, पण तुटेपर्यंत त्याचे कोपरे धारदार असतील, तर ते चकतीबाहेर गेलंय. अक्षर सगळीकडून हळूहळू विरत गेलं असेल, तर ती झीज. आणि नाण्याच्या एका अर्ध्यावर अक्षर ठसठशीत, तर दुसऱ्या अर्ध्यावर काहीच नाही आणि तिथे चकतीचा मूळ खडबडीतपणा अजून शिल्लक असेल, तर तो कच्चा ठोका, म्हणजे ठसा तिथे नीट उमटलाच नाही. झीज झाली असती तर तो खडबडीतपणाच आधी गेला असता. तुमच्या साठांपैकी बऱ्याच शिवराया या हिशेबाने तुम्ही समजता तेवढ्या झिजलेल्या नसतील.

याच कारणाने अर्ध्यामुर्ध्या शिवराया अभ्यासकाला हव्या असतात. एकाच ठशातून निघालेल्या दोन नाण्यांपैकी एकावर वरचा भाग आलेला असतो, दुसऱ्यावर खालचा. दोन्ही जोडली की अख्खा ठसा कागदावर उभा राहतो. शिवरायांवरच्या अक्षरवळणात बरीच विविधता आहे. ‘श्री’ ऱ्हस्व की दीर्घ, ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’, बिंदू गोल की लांबट, असे पुष्कळ भेद संग्राहक नोंदवतात, आणि एखादा भेद फक्त एका कुरूप नाण्यावर टिकलेला असू शकतो. हे काम घरी करता येतं. मोबाइल स्टँडवर ठराविक उंचीवर बसवा, प्रत्येक नाण्याशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि एकाच अक्षराची वळणं एकमेकांवर ठेवून ताडून बघा. मागच्या बाजूला ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे नंतरच्या काळातली. त्यांचा ढीग वेगळा करा. दुदांडीच्या रेघा लांब आणि सरळ असल्याने अक्षरं गेल्यावरही तिरक्या उजेडात लागतात. म्हणून अगदी कोऱ्या वाटणाऱ्या नाण्यांवर आधी त्याच शोधा.

वजन करा, पण शिवराईच्या वजनावरून किती झिजली ते काढू नका. हाताने कापलेल्या चकत्या मुळातच कमी-जास्त वजनाच्या असत. रुपयाचं तसं नाही. १८३५ पासूनचा यंत्रावर पाडलेला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, एक तोळा. चांदी ९१.७ टक्के. सोनाराकडे मिळतो तसला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, म्हणजे झिजेचा हिशेब अचूक निघतो. १९०६ च्या नाणेकायद्यात रुपया कायदेशीर चलन राहण्यासाठी अट अशी होती की, त्याचं वजन ठरलेल्या वजनापेक्षा २ टक्क्यांहून जास्त घटलेलं नसावं आणि नाणं विद्रूप केलेलं नसावं. २ टक्के म्हणजे जेमतेम ०.२३ ग्रॅम. ११.४३ च्या खाली उतरलेला रुपया सरकारी खजिन्यात गेला की तिथे तो कापून बाद करायची तरतूद होती.

तुमचा तिसरा रुपया या नजरेने बघा. राणीचा चेहरा सपाट होईपर्यंत झीज २ टक्क्यांच्या बरीच पुढे गेलेली असते. म्हणजे हा रुपया हातोहात फिरत राहिला आणि खजिन्याच्या काट्यावर कधी चढला नाही, किंवा चलनातून निघून कुणाच्या तरी अंगावर वर्षानुवर्षं घासला गेला. कुठलं ते कडेवर कळतं. कडेवरच्या उभ्या रेघा आणि दोन्ही तोंडं सारखीच मऊ झाली असतील, तर ती चलनातली प्रामाणिक झीज. तोंडं ठसठशीत पण कड गुळगुळीत असेल, तर कुणीतरी चांदी खरवडून घेतलीय किंवा नाणं कोंदणात बसवलेलं होतं. एकच बाजू गेली असेल आणि दुसरी बरी असेल, तर ते दागिन्यातलं नाणं: अंगाला लागणारी बाजू आधी झिजते.

प्रामाणिक झिजेची नाणी शोधून शोधून जमवणारा एक स्वतंत्र पंथच आहे. अमेरिकेत त्याला ‘लो-बॉल’ म्हणतात. नाण्यांच्या दर्जासाठी तिथे १ ते ७० अशी श्रेणी वापरतात, ७० म्हणजे निर्दोष. इतर सगळे ७० कडे धावतात, हे १ कडे. १ मिळवणं सोपं वाटतं, पण नाही. नाणं कोणत्या प्रकारचं हे ओळखू आलं पाहिजे, जिथे तारखेवर सगळं अवलंबून आहे तिथे तारीख लागली पाहिजे आणि बाकी सगळं नुसत्या वापराने गेलेलं पाहिजे. वाकलेलं, ओरखडलेलं, भोक पडलेलं, आम्लात बुडवलेलं नाणं त्यात बसत नाही. बहुतेक नाणी इतकी झिजायच्या आतच वितळवली जातात, हरवतात किंवा दुखावतात. म्हणून काही प्रकारांत १ दर्जाचं नाणं मधल्या दर्जाच्या नाण्यापेक्षा दुर्मीळ असतं आणि महागही. आपल्याकडे २ टक्क्यांच्या नियमामुळे अगदी सपाट झालेला, पण इजा नसलेला रुपया असाच कमी सापडायला हवा, तांब्याचा पैसा त्यामानाने जास्त. व्हिक्टोरियाच्या रुपयात एक अडचण आहे: १८६२ हा आकडा पुढे बारा वर्षं तसाच छापला गेला, आणि त्यातले प्रकार बारीक ठिपक्यांवरून वेगळे करावे लागतात. ठिपके लवकर पुसतात. तुमच्या रुपयावर १८६२ लागत असेल पण ठिपके लागत नसतील, तर नेमकं वर्ष ठरवायच्या फंदात पडू नका. विकणारा ते ठामपणे सांगत असेल तर त्यावर पैसे मोजू नका.

आता भोक आणि कडी. रुपयांच्या माळा, गळ्यातले हार, मुलांच्या करदोट्यात अडकवलेली नाणी हे आपल्याकडे घरोघर होतं, आणि तुमच्या आजीचे दोन रुपये त्याच वाटेने आलेले दिसतात. भोक भिंगाखाली नीट बघा. खिळ्याने पाडलेल्या भोकाला ज्या बाजूने खिळा बाहेर आला तिथे ओठासारखी उठलेली कड असते. गिरमिटाने पाडलेलं भोक दोन्हीकडून साफ असतं. जुन्या भोकाची आतली भिंत नाण्याच्याच रंगाची असते, उठलेली कड वापराने बसलेली असते आणि दोऱ्याच्या ओढीने भोक वरच्या अंगाला किंचित लांबट झालेलं असतं. हे तिन्ही असेल तर नाणं खरंच कुणीतरी घातलेलं होतं. आत चांदी पांढरी चमकत असेल आणि कडा बोचत असतील, तर भोक हल्लीचं आहे. भोक कुठे आहे तेही टिपून ठेवा. राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर असेल तर चेहरा सरळ लटकावा असा विचार होता, नुसतंच कुठेतरी असेल तर नव्हता. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा यात धरू नका, त्याला भोक टांकसाळीतूनच आहे.

डाखाचा रुपया सोनाराकडे नेऊन डाख काढून घेऊ नका, भोक बुजवून घेऊ नका. तापवल्यावर त्या भागाचा रंग बदलतो, कानशीने घासल्यावर कडेच्या रेघा जातात, आणि बुजवलेलं भोक भिंगाखाली हमखास सापडतं. मग ‘दागिन्यातलं नाणं’ हे खरं वर्णन जाऊन ‘दुरुस्त केलेलं नाणं’ हा डाग लागतो. कडीला जुना दोरा अडकलेला असेल तर तोही तसाच राहू द्या.

फारसी रुपयावरचे ठोके हे माझ्या मते तुमच्या डब्यातलं सगळ्यात बोलकं काम आहे. सराफ हातात आलेला रुपया खरा आहे, आत तांबं नाही, हे तपासून आपली खूण ठोकत: फूल, चांदणी, चंद्रकोर, टिंब, कधी नुसता छिन्नीचा वार. जितक्या पेढ्यांवरून रुपया गेला तितक्या खुणा, आणि झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर बट्टा किती कापायचा हेही तिथेच ठरायचं. प्रत्येक खुणेचा जवळून फोटो घ्या आणि कोणती कोणावर चढलीय ते बघा. वरची नंतरची. वार खोल असेल तर आतला रंग तपासा. तांबूस दिसला तर रुपया खोटा, वर चांदीचा मुलामा.

दुसऱ्याने ठोकलेल्या नाण्यांनी इतिहास कसा उलगडतो याचा मोठा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. त्यातल्या दोन-तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा आणि त्याच्यावर चढलेला सातवाहनांचा चैत्य एकाच चकतीवर. नहपानाची सत्ता सातवाहनांनी मोडून काढली, याचा इतका थेट पुरावा कोऱ्या करकरीत नाण्यांनी दिलाच नसता. बाहेरचंही एक उदाहरण: ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ चा एक पेनी आहे, राजाच्या चेहऱ्यावर ‘बायकांना मत द्या’ अशा अर्थाची अक्षरं ठोकलेला. नाणं म्हणून बाद, पण संग्रहालयातल्या नावाजलेल्या वस्तूंपैकी एक.

निव्वळ नासलेलं कोणतं, तर आग लागून फुगलेलं, रस्त्यावर डांबरात घासलेलं, आम्लाने खाल्लेलं, हल्ली वाकवलेलं. आणि एक रोग आहे ज्यावर आजच नजर टाका. तांब्यावरचा हिरवा थर गडद, गुळगुळीत, घट्ट असेल तर निर्धोक आहे, उलट ते नाण्याचं कवच असतं. पण फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसली, टूथपिक लावल्यावर कागदावर सांडली आणि पुसूनही काही दिवसांत परत आली, तर ते क्षारांचं काम आहे. हवेतला दमटपणा मिळाला की ते तांबं आतून पोखरत जातं. असं नाणं लगेच वेगळ्या डबीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही आठवडे बुडवून, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहिलं तर क्षार बरेच उतरतात. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. नाणं महत्त्वाचं वाटलं तर घरी प्रयोग न करता जतन-तज्ज्ञाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं जतन केंद्र आहे.

स्वच्छता करायचीच तर इतकीच: माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर भिजवा, काढून मऊ सुती कापडावर ठेवा आणि टिपा. घासायचं नाही. देव्हाऱ्यात राहून तेल, हळद-कुंकवाचा चिकट थर बसला असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन १०-१५ मिनिटं बुडवा. त्याने चिकटपणा सुटतो, धातूला काही होत नाही. खिडकी उघडी, गॅस आणि उदबत्ती बंद, प्लास्टिकचं भांडं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेलं आणि रंग असतात. त्याआधी फोटो काढून ठेवा, कारण कुंकू हासुद्धा त्या नाण्याच्या वापराचा पुरावा आहे. एखाद-दोन नाणी तशीच ठेवावीत असं मला वाटतं.

ठेवताना स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम टाळा. त्यातला पीव्हीसी सुटतो आणि नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. मायलरच्या (पारदर्शक पॉलिस्टरच्या) खिडकीची पुठ्ठ्याची चौकट घ्या, मारलेल्या पिनांची टोकं पकडीने चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ठरलेला. रबरबँड, वर्तमानपत्र, डांबरगोळ्या जवळ नकोत. प्रत्येक चौकटीवर वजन, व्यास, काय वाचता येतं, कोणत्या प्रकारची इजा, आणि ‘आजीचा डबा, कराड’ एवढं लिहा. डबाही जपा.

पैशाचं स्पष्ट सांगायचं तर अक्षर न लागणारी शिवराई बाजारात स्वस्तच जाते आणि डब्यातल्या बहुतेक नाण्यांचं तेच होईल. तरीही किलोवर देऊ नका, आधी ढीग करा. रुपयांचा तळाचा भाव तुम्ही स्वतः काढू शकता: वजन गुणिले ०.९१७. वजन ११.२० भरलं तर चांदी १०.२७ ग्रॅम. कडीच्या रुपयात डाखाचं वजन मिसळलेलं असतं, ते ध्यानात धरा. पुढे तुम्हीच अशी नाणी घ्यायला लागलात तर एक सावधगिरी ठेवा. खोटं नाणं लपवायला झिजेइतकी सोयीची गोष्ट नाही. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं असतात, कडेला शिवण असते, अक्षरं साबणासारखी गोलसर असतात, आणि दोन नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच खड्डा दिसला तर दोन्ही एका साच्यातली.

भावाला मात्र यातलं जुनं काही पाठवू नका, पोस्टाने नाही आणि कुणाच्या सामानातूनही नाही. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. शिवराया आणि राणीछाप रुपये सगळे त्यात आले. त्याला चांगल्या उजेडात काढलेले फोटो आणि नोंदींची वही पाठवा, त्याचा वाटा इथेच त्याच्या नावाच्या पाकिटात राहू द्या.